मुंबई विमानतळावर टर्मिनल बदलताय? काचेच्या दाराअलीकडे थांबा आणि या चुका टाळा

पावसाळ्यातली गोष्ट. नागपूरची माझी मावशी आणि काका मुलाकडे अमेरिकेला निघाले होते. नागपूरहून मुंबईला टर्मिनल १ वर उतरायचं आणि टर्मिनल २ वरून रात्रीचं आंतरराष्ट्रीय विमान पकडायचं, असा प्रवास होता. तिकीट एकच. बॅगा नागपूरलाच थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत दिलेल्या, पुढचे बोर्डिंग पासही हातात. मध्ये साडेचार तासांचा वेळ. आम्ही पार्ल्याला राहतो, टर्मिनल १ पासून रिक्षाने दहा मिनिटांवर. मीच फोन केला, "मावशी, पाच मिनिटं बाहेर ये ना, लाडू आणलेत."

ती आली. काचेचं दार सरकलं, मागोमाग काका आले. डबा दिला, पाया पडून झालं, फोटो काढले. दहा मिनिटांनी ती परत दाराकडे वळली, तेव्हा तिथल्या सीआयएसएफच्या जवानाने हात आडवा केला. "माताजी, इधर से अंदर नहीं जा सकते." तो उद्धट नव्हता. नियमच तसा आहे. अरायव्हलचं दार फक्त बाहेर पडण्यासाठी असतं.

आतल्या आत दुसऱ्या टर्मिनलला नेणारी बस त्या एका पावलाने हुकली. बाहेर धो धो पाऊस, टॅक्सीसाठी वीस मिनिटं, हायवेवर पुढचा अर्धा तास. मग टर्मिनल २ च्या प्रवेशद्वाराची रांग, इमिग्रेशन, सिक्युरिटी. विमान मिळालं, पण गेटवर पोचेपर्यंत काकांचा सदरा घामाने भिजला होता आणि मावशीने लाडवांचा डबा छातीशी घट्ट धरलेला होता. सत्तरीच्या माणसांना मी उगाच धावायला लावलं, ही रुखरुख अजून आहे. म्हणूनच हे इतक्या तपशिलाने लिहितेय.

आधी हे दोन विमानतळ समजून घ्या

कागदोपत्री विमानतळ एकच, छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ. पण मुंबईकरांच्या तोंडी अजून "सांताक्रूझ एअरपोर्ट" आणि "सहार एअरपोर्ट" अशीच दोन नावं आहेत, आणि प्रवाशाच्या दृष्टीने ती बरोबरच आहेत. सांताक्रूझ म्हणजे टर्मिनल १. इथून फक्त देशांतर्गत विमानं सुटतात. सहार म्हणजे २०१४ साली सुरू झालेलं टर्मिनल २. इथे आंतरराष्ट्रीय विमानं आहेत आणि देशांतर्गतही आहेत. "सहार म्हणजे परदेश, सांताक्रूझ म्हणजे देश" हे जुनं समीकरण आता चालत नाही, आणि बरेचसे घोटाळे इथूनच सुरू होतात. दिल्लीचं विमान सहारवरूनही असू शकतं. एकाच कंपनीची काही विमानं टर्मिनल १ वरून आणि काही टर्मिनल २ वरून, असंही असतं.

दोन्ही टर्मिनलच्या मधे एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांचा आणि टॅक्सीवेंचा, म्हणजे विमानं धावपट्टीपर्यंत जातात त्या वाटांचा, सगळा पसारा आहे. त्यामुळे चालत जायला रस्ता नाही, दिल्ली-बंगळुरूच्या लोकांना मुंबईत चुकल्यासारखं होतं ते यामुळेच. बाहेरून रस्त्याने अंतर साधारण चार-पाच किलोमीटर. पहाटे पंधरा मिनिटं, संध्याकाळी पाऊण तासही लागू शकतो. आतून जायचं तर विमानतळाची बस असते. ज्याच्याकडे पुढच्या विमानाचं पक्कं तिकीट आहे, त्याच्यासाठी ती मोफत आहे.

चूक पहिली आणि सगळ्यांत महाग: बेल्ट दिसला की दार गाठायचं

विमानातून उतरलेली गर्दी बॅगांच्या बेल्टकडे जाते आणि बेल्टवरून सरळ बाहेर. आपले पायही त्यांच्यामागे निघतात. ज्यांना पुढचं विमान आहे त्यांनी बेल्टच्या आसपास, बाहेरच्या दाराच्या अलीकडे थांबून "ट्रान्सफर" असं लिहिलेला काउंटर शोधायचा. दिसला नाही तर गणवेशातल्या कोणालाही विचारायचं. हिंदी, मराठी, काहीही चालतं. "मला टर्मिनल २ ला जायचंय, पुढचं विमान आहे, आतली बस कुठून मिळेल?" एवढं एक वाक्य पुरतं.

काउंटरवर पुढचं तिकीट आणि ओळखपत्र मागतात, परदेशी जाणाऱ्याला पासपोर्ट. आपल्याकडे इथे अडतं ते तिकीट फोनमध्ये असतं म्हणून. मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं पीडीएफ, ते शोधता शोधता मागे रांग लागते, फोनची बॅटरी तीन टक्क्यांवर आलेली असते. आई-वडिलांना पाठवताना तिकिटाचा कागदी प्रिंट पासपोर्टच्या कव्हरमध्येच घालून द्या. मी आता दोन प्रती देते, एक मावशीकडे आणि एक काकांकडे, कारण टॉयलेटला गेलेला माणूस आणि कागद हे नेहमी एकाच वेळी गायब होतात.

बस लगेच सुटतेच असं नाही. काउंटरवर आपल्या विमानाची वेळ स्पष्ट सांगा आणि पुढची बस कधी, ते विचारा. वेळ फार कमी असेल तर तेही सांगा, गप्प बसून राहू नका. दुसऱ्या टर्मिनलला उतरल्यावर सिक्युरिटी पुन्हा होते. आतून आलो म्हणजे तपासणी सुटली, असं नाही.

आणि नातेवाइकांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, भेटायला बोलावू नये. भेटायचंच असेल तर मधला वेळ सहा-सात तासांचा आहे का ते बघा आणि दोन्ही टर्मिनलमधला प्रवास आपल्याच गाडीने करा. पाच मिनिटांची भेट म्हणून काही नसतं.

दोन्ही विमानं टर्मिनल २ वरच असतील तर

मग गोष्ट सोपी आहे, पण चूक तीच. देशांतर्गत विमानाने टर्मिनल २ ला उतरलात आणि पुढे परदेशी जायचंय, बॅगा थेट गेलेल्या आहेत, तर बाहेर जायचं कारणच नाही. "इंटरनॅशनल ट्रान्सफर्स" चे फलक धरून चालायचं. पुढे इमिग्रेशन आणि सिक्युरिटी. परदेशातून येऊन मुंबईत फक्त विमान बदलून परत परदेशीच जाणारे असतील, उदाहरणार्थ आखातातून येऊन पुढे सिंगापूरला, आणि सामान थेट असेल, तर त्यांनी इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहू नये. त्याच्या अलीकडेच ट्रान्सफरचा डेस्क असतो.

परतीचा प्रवास: "टॅगवर नागपूर लिहिलंय ना?"

या एका गैरसमजामुळे जितक्या बॅगा मुंबईत अडकतात तितक्या दुसऱ्या कशाने अडकत नसाव्यात, असं मला वाटतं. जाताना बॅग नागपूरला दिली ती थेट अमेरिकेत मिळाली. मग येताना अमेरिकेत दिलेली बॅग थेट नागपूरला मिळेल, असं कोणालाही वाटणारच. पण भारतात पहिलं पाऊल जिथे पडतं तिथे इमिग्रेशन आणि कस्टम्स होतं. मुंबईत उतरलात तर बॅग साधारणपणे मुंबईत बेल्टवरून उचलावी लागते, ती घेऊन कस्टम्समधून जावं लागतं आणि मग पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावी लागते. टॅगवर नागपूरचं तीन अक्षरी नाव छापलेलं असलं तरी.

बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेला टॅगचा छोटा तुकडा जपून ठेवा. त्यावरचा नंबर हीच तुमच्या बॅगेची ओळख. आणि ज्या काउंटरवर बॅग दिली तिथेच विचारा, "मुंबईत उचलायची आहे का?" उत्तर "हो" आलं तर ते बोर्डिंग पासावर पेनाने लिहून ठेवा. सोळा तासांच्या प्रवासानंतर पहाटे दोन वाजता डोकं चालत नाही, लिहिलेलं वाचता येतं.

कस्टम्स झालं की लगेच, बाहेरच्या दाराकडे न बघता, पुढच्या देशांतर्गत विमानाची बॅग कुठे घेतात ते विचारा. पुढचं विमान टर्मिनल १ वरून असेल तर बस कुठून, तेही तिथेच. बेल्टवर बॅग आलीच नाही, तर कस्टम्स ओलांडून जाऊ नका. त्या हॉलमध्येच कंपनीचा बॅगेजचा डेस्क असतो, तिथे लेखी तक्रार नोंदवा, तिची प्रत घ्या, आणि बॅग नागपूरच्या घरी पाठवायची आहे हे त्यावर पत्त्यासकट लिहून घ्या. बाहेर पडल्यावर हेच काम तिप्पट अवघड होतं.

मावशी-काका परत आले तेव्हा आम्ही घरीच थांबलो. बसमध्ये बसल्यावर तिचा फोन आला. तिच्या खिडकीबाहेरून विमानाची शेपटी इतक्या जवळून जात होती की ती बोलता बोलता थांबली. मग म्हणाली, "अगं, चाकं माझ्यापेक्षा उंच आहेत गं." मागून काका बॅगा मोजत असल्याचा आवाज येत होता. एक, दोन, तीन, चार.

दोन वेगळी तिकिटं, स्वस्तात

हजार-दोन हजार वाचतात म्हणून मुंबईपर्यंतचं तिकीट एका ठिकाणाहून आणि पुढचं दुसरीकडून काढतात. कधी कधी ते परवडतं, मी स्वतः काढलेलं आहे. पण मग मधल्या वेळेची जबाबदारी पूर्णपणे तुमची. पहिलं विमान दोन तास उशिरा आलं आणि दुसरं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी आहात. एकाच तिकिटावर असता तर पुढच्या विमानाची सोय बघणं त्यांच्यावर आलं असतं.

शिवाय दोन तिकिटांवर चेक-इन बॅग सहसा थेट जात नाही. ती उचलायची, आणि दुसऱ्या टर्मिनलच्या चेक-इन काउंटरवर द्यायची. देशांतर्गत विमानांसाठी बहुतेक कंपन्यांचा काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतो, आंतरराष्ट्रीय विमानांचा त्याहून लवकर बंद होऊ शकतो. म्हणजे "विमान सात वाजता आहे" असा हिशेब करून चालत नाही, काउंटर किती वाजता बंद होतो तिथपासून उलटं मोजायचं. फक्त हातातली बॅग असेल आणि वेब चेक-इन झालेलं असेल, तर वेगळी तिकिटंही पुष्कळ सुसह्य होतात.

आता नवी मुंबईही आहे

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं सुरू झाली. तिकीट शोधताना "मुंबई" टाइप केलं की दोन्ही विमानतळ दाखवणारी संकेतस्थळं आहेत, आणि घाईत लक्ष जात नाही. मुंबईचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. उलव्याला, म्हणजे नवी मुंबईच्या विमानतळावर, उतरून सहारला विमान पकडायचं म्हणजे खाडी ओलांडून आख्ख्या शहरातून यायचं. इथे आतली बस वगैरे काही नाही, ते दोन वेगळे विमानतळ आहेत. कोल्हापूर, नाशिक, नागपूरकडच्या मंडळींनी पुढचं विमान जोडताना हे तीन अक्षरांचे कोड बोट ठेवून वाचावेत. एजंटने तिकीट काढलं असेल तरीही.

असं तिकीट हातात पडलंच असेल, तर प्रवासाच्या दिवसाची वाट बघू नका. लगेच कंपनीला फोन करून तारीख किंवा विमान बदलता येतं का बघा. बदलता येत नसेल तर दोन विमानांत दिवसभराचं अंतर धरा.

पाण्याची बाटली, तूप आणि लोणचं

देशांतर्गत विमानात पाण्याची बाटली बहुतेक वेळा चालून जाते. तीच बाटली टर्मिनल २ च्या आंतरराष्ट्रीय सिक्युरिटीला काढून घेतात, कारण तिथे द्रवपदार्थांना १०० मिलीलिटरची मर्यादा आहे. पाण्याचं दुःख नाही, पण नागपूरहून हातातल्या पिशवीत आणलेलं घरचं तूप आणि आंब्याचं लोणचं ट्रेमध्ये राहतं, तेव्हा वाईट वाटतं. तूप, लोणचं, पातळ चटण्या सगळं चेक-इनच्या बॅगेत, तेही नागपूरलाच. मुंबईत थेट गेलेली बॅग तुमच्या हातात परत येणार नाही. तिळाचे, बेसनाचे लाडू हातात चालतात, फक्त डबा उघडून दाखवायची तयारी ठेवा. पॉवर बँकचं उलटं, ती हातातल्या बॅगेतच हवी, चेक-इनमध्ये चालत नाही.

येताना ड्यूटी फ्रीतून बाटली घेतली असेल, तर सीलबंद पिशवी फोडू नका. कस्टम्सनंतर बॅग पुन्हा द्यायचीच आहे, तर नीट गुंडाळून त्यातच घाला.

किती वेळ ठेवावा?

कंपनी एक तास चाळीस मिनिटांचं जोडविमान विकते म्हणून ते घ्यावंच असं नाही. टर्मिनल बदलायचं असेल तर माझा हिशेब साधा आहे. देशांतर्गतहून आंतरराष्ट्रीय, चार तास. परदेशातून येऊन पुढे देशांतर्गत, तेही चार, कारण इमिग्रेशन, बेल्ट, कस्टम्स आणि परत सिक्युरिटी. जून ते सप्टेंबर आणखी एक-दीड तास. पावसात विमानं आकाशात घिरट्या घालतात, कधी अहमदाबादकडे वळवली जातात. या विमानतळावर धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत, आणि एक विमान अडकलं की मागची सगळी रांग अडकते. पावसाळ्याच्या आधी मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर एकेक दिवस दोन्ही धावपट्ट्या दुरुस्तीसाठी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच बंद असतात. तारीख आधी जाहीर होते, तिकीट काढण्यापूर्वी बातम्यांवर नजर टाका.

वारंवार परदेशी जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांनी आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असलेल्यांनी जलद इमिग्रेशनच्या सरकारी योजनेत नाव नोंदवावं. जानेवारी २०२५ पासून ती मुंबईतही आहे, नोंदणीला पैसे पडत नाहीत. एकदा ऑनलाइन अर्ज करून बोटांचे ठसे आणि फोटो दिले की स्वयंचलित दारातून जाता येतं. जोडविमान असताना हीच वीस-पंचवीस मिनिटं कामाला येतात.

वयस्कर प्रवाशांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, निदान दोन दिवस आधी. ती फक्त चालता न येणाऱ्यांसाठी आहे, या संकोचापायी अनेक आया-मावश्या मागत नाहीत. व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाला ट्रान्सफरचा काउंटर, बस, लिफ्ट सगळं पाठ असतं, आणि गुडघ्यांपेक्षा त्याचाच जास्त उपयोग होतो.

चूक झालीच, बाहेर पडलात, आता?

दारावरच्या जवानाशी वाद घालू नका. तो आत सोडू शकत नाही, आणि त्यात जाणारी दहा मिनिटं तुमची आहेत. घड्याळ बघा. पहिला फोन कंपनीला: "मी टर्मिनल १ च्या बाहेर आहे, टर्मिनल २ ला येतोय." दुसरं काम वाहन. रात्री-पहाटे टॅक्सी, हायवेवरून सहार एलिव्हेटेड रोड धरला की थेट टर्मिनल २. टॅक्सीवाल्याला "एअरपोर्ट" म्हणू नका, "सहार, इंटरनॅशनल, डिपार्चर" असं सांगा. डिपार्चर चौथ्या मजल्यावर आहे, खाली उतरवलं तर लिफ्टच्या रांगेत वेळ जातो.

दिवसा आणि संध्याकाळी, विशेषतः पावसात, मी मेट्रोच घेईन. भुयारी मेट्रो ३ ची दोन्ही टर्मिनलला स्टेशनं आहेत आणि मधे फक्त सहार रोड हे एक स्टेशन. वाहतूक कितीही तुंबली असली तरी खाली गाडी चालू असते. फक्त ती रात्रभर धावत नाही, आणि स्टेशनपर्यंत बॅगा ओढत चालावं लागतं, हे धरून चला.

उलट प्रकारही होतो. इमिग्रेशनचा शिक्का बसला, आत जाऊन बसलात, आणि विमान रद्द झालं किंवा दुसऱ्या दिवशीवर गेलं. अशा वेळी आपल्या आपण बाहेर जाता येत नाही. कंपनीचा माणूस सोबत लागतो, इमिग्रेशनचा अधिकारी पासपोर्टवरचा निर्गमनाचा शिक्का रद्द करतो, मग बाहेर. तो शिक्का खरोखर रद्द झालाय का, हे काउंटर सोडण्यापूर्वी पान उघडून स्वतः बघा. नाहीतर दुसऱ्या दिवशी परत त्याच काउंटरवर आल्यावर कागदोपत्री तुम्ही कालच देश सोडलेला असता.